तारांच्या चाकांचा हब

प्रश्न : आजोबांची जुनी एमजी मोटार आहे, तारांच्या चाकांची. क्लच सोडला किंवा ब्रेक लावला की मागच्या चाकातून ‘कट्’ असा आवाज येतो. चाक ज्या दातेरी तुंब्यावर बसतं त्या हबवर वेल्डिंग चढवून दाते पुन्हा काढावेत का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : वेल्डिंग नकोच, कळकळीनं सांगतो. त्या तापानं हब वाकतो, ठिसूळ होतो. चाक काढा, डिझेलनं हब स्वच्छ धुवा आणि दात्यांवर बोट फिरवा. माथा सपाट लागला तर दाते शाबूत आहेत. ग्रीस लावून बसवा. सुरीसारखे धारदार लागले तर हब संपला. मग चाकाच्या आतले दातेही बघा, कारण झिजलेलं चाक नवा हबही खातं. नवा करून घ्यायचा तर उद्यमनगरात चांगला टर्नर गाठा, जुना हब नमुन्याला द्या. उजव्या बाजूच्या हबचे आटे उलटे असतात, हे त्याला आधीच सांगा.