वाचकांचे प्रश्न : त्वचेतून आत किती जाते आणि धोका कसा ठरवतात?

प्रश्न : त्वचेवर लावलेल्या पदार्थाचा ६० टक्के भाग काही सेकंदांतच रक्तात मिसळतो, असे वारंवार वाचनात येते. हे खरे असेल, तर रोज अंगाला लावायच्या क्रीममधील रसायनांचे काय? त्यांचा धोका तज्ज्ञ कशाच्या आधारे ठरवतात?

उत्तर : सर्व पदार्थांना लागू पडेल असा एकच आकडा अस्तित्वातच नाही, त्यामुळे आपण वाचलेल्या विधानावर विश्वास ठेवू नये. त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे वहीच्या कागदाहूनही बराच पातळ असतो. तरीही त्या पेशींमधील स्निग्ध द्रव्यामुळे तो भक्कम अडसर ठरतो. साधारणपणे ५०० डाल्टनहून (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) मोठे रेणू त्यातून सहजी जात नाहीत. लहान असून तेल आणि पाणी या दोहोंत थोडेफार विरघळणारे रेणू मात्र त्यातून वाट काढतात, आणि निकोटीनच्या चिकटपट्ट्या याच गुणावर चालतात.

शरीराचा भाग बदलला की शोषणही बदलते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या फेल्डमन आणि मायबाख यांच्या अभ्यासात हायड्रोकॉर्टिसोन या त्वचेला लावायच्या औषधाचे शोषण मनगट ते कोपर या भागाच्या तुलनेत कपाळावर सुमारे ६ पट, तर अंडकोशावर सुमारे ४२ पट आढळले, आणि तळपायावर ते त्या भागाच्या सातव्या हिश्शाइतकेच होते. ओलावा, उष्णता, खरचटलेली किंवा इसब झालेली त्वचा आणि लेपावर घट्ट बांधलेले आवरण यांमुळे शोषण वाढते.

प्रयोगशाळेत हे मोजण्याची एक रीत अशी आहे : शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या त्वचेची चकती काचेच्या दोन कप्प्यांमध्ये बसवतात, तिच्या पृष्ठभागाचे तापमान ३२ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवतात, वरून पदार्थ लावतात आणि खालच्या द्रवाचे नमुने ठरावीक अंतराने, बहुधा २४ तासांपर्यंत घेतात. शेवटी चकतीतच अडकून राहिलेला अंशही तपासतात. हा अंश फार महत्त्वाचा आहे, कारण वरून धुतल्यानंतरही त्वचेत साठलेला पदार्थ हळूहळू आत झिरपत राहू शकतो.

आता हिशेब पाहू. त्यातील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, आपण दिवसाला ८ ग्रॅम क्रीम लावता आणि त्यात एक घटक ०.५ टक्के आहे, म्हणजे त्वचेवर ४० मिलिग्रॅम येतो. त्यातील १० टक्के शोषला गेला, तर शरीरात ४ मिलिग्रॅम जातो, आणि ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही मात्रा किलोमागे सुमारे ०.०६७ मिलिग्रॅम होते. प्राण्यांवरील चाचण्यांत किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत अपाय दिसला नसेल, तर दोहोंतील अंतर १५० पट होते. हे अंतर किमान १०० पट असावे, असा प्रघात आहे : माणूस आणि प्राणी यांच्यातील फरकासाठी दहा पट आणि माणसामाणसांतील फरकासाठी आणखी दहा पट. परंतु याच हिशेबात शोषण १० ऐवजी ५० टक्के धरले, तर अंतर ३० पटींवर येते आणि तोच घटक तेवढ्या प्रमाणात अस्वीकार्य ठरतो. म्हणून शोषणाचा आकडा मोजलेला आहे की गृहीत धरलेला, हे विचारल्याशिवाय कोणताही निष्कर्ष स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचबरोबर, रक्तात एखादा घटक सापडला एवढ्यावरून अपाय झाला असेही म्हणता येत नाही. ते किती मात्रेत आणि किती काळ, यावर अवलंबून असते.

प्रश्न : माझा रोजचा संबंध रंग आणि थिनरशी येतो. हाताची कधी आग होत नाही आणि मी हातमोजे घालतो. तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर : आग होत नाही, याचा अर्थ काहीच आत जात नाही असा कृपया घेऊ नका. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमधील रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या जहाल विषारी संयुगाचे काही थेंबच पडले होते. तेव्हा त्यांना कसलाही त्रास जाणवला नाही. लक्षणे काही महिन्यांनी दिसू लागली आणि जून १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. हे संयुग त्या हातमोज्यातून काही सेकंदांतच पार होते, असे नंतरच्या चाचण्यांत दिसून आले. आपले थिनर इतके जहाल नसते, परंतु हातमोज्याविषयीचा धडा आपल्यालाही तंतोतंत लागू आहे. हातमोजा फाटलेला नसला तरी थिनरसारखे द्रावक त्याच्या पदार्थातून पलीकडे जाऊ शकते, आणि आत शिरलेले द्रावक घामेजलेल्या, झाकलेल्या त्वचेवर अडकून पडते. त्यामुळे डब्यावरील घटक पाहून, हातमोज्याच्या उत्पादकाच्या तक्त्यात ते द्रावक पलीकडे जायला किती मिनिटे लागतात ते तपासूनच हातमोजा निवडावा आणि ती वेळ संपण्याआधी बदलावा. हात थिनरने पुसण्याची सवय असल्यास ती आजच सोडावी, कारण थिनर त्वचेतील स्निग्ध द्रव्यच धुऊन नेते आणि पुढच्या शोषणाला वाट मोकळी करून देते. कामाच्या ठिकाणी केवळ हवा तपासली जात असेल, तर त्वचेतून गेलेला भाग त्यात मोजलाच जात नाही. झायलीनसारख्या काही द्रावकांच्या बाबतीत मूत्रतपासणीतून श्वास आणि त्वचा या दोन्ही वाटांनी गेलेल्या मात्रेचा एकत्रित अंदाज येतो. आपल्या डॉक्टरांशी त्याविषयी अवश्य बोलावे.

प्रश्न : मोठ्यांचे मलम तान्ह्या बाळाला थोडेसे लावले तर चालते का?

उत्तर : डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नये. वजनाच्या मानाने नवजात बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढांच्या दुपटीहून अधिक असते, आणि लंगोटाखालची त्वचा ओलसर व झाकलेली राहते. फ्रान्समध्ये १९७२ साली चुकून ६ टक्क्यांहून अधिक हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक मिसळले गेलेल्या टाल्कम पावडरमुळे ३६ बालके दगावली. ती पावडर त्यांच्या केवळ अंगाला लावलेली होती.