चाकोरी : आठ सेकंदांचा कार्बन

(सायकलविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं)

प्रश्न : आठ वर्षं एकच ॲल्युमिनियमची रोड बाइक चालवतोय, शिमानो क्लॅरिसवाली. आता नवी घ्यायची आहे आणि आयुष्यात एकदा तरी कार्बनच्या तंतूंची घ्यावी अशी फार इच्छा आहे. साठवलेल्या पैशांत दोनच सायकली बसतात. पहिली : कार्बन फ्रेम, टियाग्रा गियर (शिमानोचाच, क्लॅरिसहून वरचा दर्जा), केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, वजन ८.९ किलो. दुसरी : ॲल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), १०५ गियर (टियाग्राहून वरचा), हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक, वजन ९.३ किलो. माझं वय ४७, वजन ८२ किलो. रविवारी ८० ते १०० किलोमीटर होतात, पण ६० च्या पुढे मान आखडते. मित्र म्हणतात, कार्बनच घे, गियर काय, नंतर बदलता येतात. मॉडेलांची नावं सोबत दिली आहेत. – साठाच्या पुढचा

उत्तर : मित्रांचं निम्मं बरोबर आहे. गियर झिजतात आणि बदलता येतात, फ्रेम राहते. त्यामुळे टियाग्रा की १०५ यावर मी झोप उडवून घेणार नाही. पण ब्रेकचं तसं नाही. रोड बाइकला ब्रेकची आणि गियरची मूठ एकच असते. उद्या हायड्रॉलिक ब्रेक हवेसे वाटले, तर दोन्ही मुठी, दोन्ही कॅलिपर (डिस्क दाबणारे भाग) आणि मधल्या नळ्या, सगळंच नवं घ्यावं लागेल. ‘नंतर बदलू’ म्हणणाऱ्या मित्रांना त्या खर्चात वाटा उचलायला सांगा.

आता वजन. मी एकतीस वर्षं कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते, त्यामुळे आकडा दिसला की आधी त्याची वजाबाकी करते. दोन सायकलींत फरक ४०० ग्रॅमचा. तुम्ही आणि सायकल मिळून साधारण ९१ किलो. म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. खड्या चढावर जवळजवळ सगळी ताकद वजन वर न्यायलाच लागते असं धरलं, तरी अर्ध्या तासाच्या घाटात तुमचे आठ सेकंद वाचतील. आठ सेकंद! तेवढ्यात माणूस नीट नाकही पुसत नाही. सपाटीवर तर मुख्य भांडण वाऱ्याशी असतं, आणि वारा अडवण्यात सायकलीपेक्षा आपल्या अंगाचा वाटा कितीतरी मोठा. शिवाय जाहिरातीतलं वजन बहुधा पॅडलशिवायचं असतं आणि ते कुठल्या साइझचं, हे बारीक अक्षरात शोधावं लागतं. पॅडलची जोडीच पाव किलोच्या वर जाते.

खरा मुद्दा तुमच्या मानेचा. पत्रात गियरचं नावसुद्धा लिहिलंत, पण स्टॅक आणि रीच हे दोन आकडे कुठेच नाहीत. फ्रेमच्या खालच्या क्रँकच्या (पॅडल ज्याला लागतात त्या दांड्याच्या) मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) वरच्या कडेपर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. फ्रेमच्या साइझचा ‘५४ नंबर’ एका कंपनीचा वेगळा, दुसरीचा वेगळा. स्टॅक-रीच मात्र कुठल्याही कंपनीचे एकमेकांशी ताडून बघता येतात. दोन्ही मॉडेलांचे तक्ते मी काढून पाहिले. तुम्हाला बसेल त्या साइझमध्ये कार्बनवालीचा स्टॅक ५४१ मिलिमीटर आहे, ॲल्युमिनियमवालीचा ५६७. पहिली शर्यतीसाठी काढलेली, दुसरी लांब पल्ल्यासाठी. म्हणजे जी सायकल घ्यायला मन धावतंय, तिच्यावर तुम्ही दुसरीपेक्षा २६ मिलिमीटर आणखी खाली वाकणार आणि मान आणखी वर उचलणार. खाली स्पेसर (कड्या) घालून हँडल वर घेता येतं, पण कार्बन स्टिअररवर (फोर्कच्या वर येणाऱ्या नळीवर) किती उंचीपर्यंत स्पेसर चालतात याला कंपनीने मर्यादा घातलेली असते, आणि नव्या सायकलीचा पहिल्याच दिवशी टेलिफोनचा खांब करण्यात काय मजा?

घरच्या सायकलीचे हे आकडे आजच काढा. सायकल सपाट जागी, मागचं चाक भिंतीला टेकवून सरळ उभी करा. भिंतीपासून क्रँकच्या मध्यापर्यंत आणि भिंतीपासून हेड ट्यूबच्या वरच्या तोंडाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. वजाबाकी म्हणजे रीच. त्याच दोन बिंदूंची जमिनीपासूनची उंची मोजा. वजाबाकी म्हणजे स्टॅक. दोनदा मोजा, पहिल्यांदा नेहमी चुकतं. मान आखडते ती याच आकड्यांवर. तेव्हा नव्या सायकलीचा स्टॅक याहून कमी नको आणि रीच याहून जास्त नको.

या दोनांतली एक निवडच म्हणाल, तर डोळे मिटून ॲल्युमिनियमवाली. पण तुमची हौस मला कळते. मी स्वतः काळी कार्बन फ्रेम पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा उगाचच चार वेळा उचलून ठेवली होती. म्हणून तिसरी वाट सांगते. बऱ्याच कंपन्या लांब पल्ल्याची फ्रेम एकाच आकारात दोन दर्जांच्या कार्बनमध्ये काढतात. महाग दर्जाची फ्रेम ८००–९०० ग्रॅमची, तर खालच्या दर्जाची १००० ते १२०० च्या आसपास. आकार तोच, बसणं तेच. तुम्हाला ती खालच्या दर्जाची, टियाग्रा किंवा आधीच्या पिढीच्या १०५ ची, सरलेल्या हंगामातली शिल्लक बघायची आहे. सहा महिने थांबावं लागेल. आठ वर्षं थांबलात, अजून थोडं.

ती बघताना तीन गोष्टी तपासा. ३२ मिलिमीटरचा टायर बसतो का? मानेचे आणि मनगटाचे हाल कमी करायला रुंद टायर आणि कमी हवा यांच्यासारखं औषध नाही. पंचवीसच्या टायरमध्ये ठासून हवा भरलेली कार्बनची सायकल ही बत्तीसच्या टायरवरच्या ॲल्युमिनियमपेक्षा जास्त हादरे देते. दुसरं, क्रँकचे बेअरिंग आट्यांचे आहेत की दाबून बसवलेले? आट्यांचे घ्या, करकर कमी. तिसरं, ब्रेकच्या नळ्या हेडसेटच्या (हँडल वळतं तिथल्या) बेअरिंगमधून आत जातात का? दिसायला फार देखणं, पण वरचं एक बेअरिंग बदलायचं तरी ब्रेकची नळी सोडवून पुन्हा तेल भरायची वेळ येते. स्वस्तात घेतलेली सायकल अशा कामांनी महाग पडते.

आणि सगळे पैसे सायकलीत ओतू नका. स्वस्त कार्बन सायकलींत कंपनी पैसे वाचवते ते चाकांत आणि टायरांत. निदान दोन चांगल्या टायरांचे पैसे बाजूला ठेवा.

प्रश्न : ओळखीतून सहा वर्षं जुनी कार्बन सायकल अगदी परवडेल अशा किमतीत मिळते आहे. मालक म्हणतात कधी पडली नाही. दिसायलाही छान आहे. कार्बन आतून तुटलेला असतो आणि बाहेर दिसत नाही, असं ऐकून घाबरले आहे. काय बघू? – दुसऱ्या हाताची

उत्तर : ‘कधी पडली नाही’ हे वाक्य मी पुष्कळ ऐकलंय. एकदा तर हँडलच्या टोकाची टेप गुडघ्यासारखी सोलवटलेली असताना.

घाबरू नका, पण उजेडात जा. सायकल धुऊन, कोरडी करून मागा. डाउन ट्यूबची (हँडलकडून क्रँककडे उतरणाऱ्या नळीची) खालची बाजू, क्रँकच्या आजूबाजूचा भाग, चेनजवळचा उजवा चेनस्टे (क्रँकपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी), फोर्क फ्रेमला मिळतो ती जागा आणि सीटपोस्टची (सीटखालच्या दांड्याची) पकड, इथे टॉर्च तिरका धरून नखाने चाचपा. नुसता रंगाचा तडा असेल तर नख वरच्या वर सरकतं. खोल असेल तर अडकतं. संशयाच्या जागी अंगठ्याने दाबा. किंचितही दबलं तर नमस्कार करून निघा.

मग एक नाणं घ्या आणि त्याच्या कडेने टकटक करत जा. धड कार्बन टणटणीत, कोरडा आवाज देतो. थर सुटले असतील तिथे आवाज बसका येतो, सर्दी झालेल्या माणसासारखा. मात्र जाडी बदलली की आवाज बदलतोच, सांध्यांवर आणि आत धातूचा तुकडा असेल तिथेही बदलतो. म्हणून एकाच जागी कान लावून निकाल देऊ नका. डावा चेनस्टे आणि उजवा चेनस्टे, फोर्कचा हा पाय आणि तो पाय, असं जोडीने ऐका. तरीही शंका उरली आणि सायकल मोलाची असली, तर अल्ट्रासाउंडने तपासून घेता येते. फोर्क बाहेर काढून स्टिअरर बघू द्यायला मालक तयार नसेल तर मीही तयार नसते.

यापुढची तपासणी मला नुकसान सोसून कळली. सीटपोस्ट हलतो का बघा. बारा वर्षांपूर्वी मी अशीच एक फ्रेम घेतली. नाण्याने वाजवली, नखाने चाचपली, सगळं टणटणीत. सीटची उंची माझ्या मापाची होती, म्हणून पोस्टला हातच लावला नाही. पुढे दोन वर्षांनी तो सहा मिलिमीटर खाली घ्यायचा होता, तर ढिम्म. कार्बनच्या नळीत ॲल्युमिनियमचा पोस्ट, वरून वर्षानुवर्षं ठिबकलेला घाम. कार्बन वीज वाहून नेतो. दोन वेगळे पदार्थ आणि मध्ये खारट पाणी, की ॲल्युमिनियम गंजून पांढरं पीठ होतं, फुगतं आणि पोस्ट जागच्या जागी सिमेंटसारखा बसतो. चार दिवस तेल सोडलं, पिळून पाहिलं. शेवटी पोस्ट वरून कापला, हॅक्सॉचं पातं चिंधीत गुंडाळून आत घातलं आणि आतून उभी चीर पाडत बसले. एका संध्याकाळी एक चीर, दुसऱ्या संध्याकाळी दुसरी. पातं फ्रेमला लागू नये म्हणून दर पंधरा-वीस घासांनी टॉर्च मारून बघायचं. मधली पट्टी पक्कडने आत मोडली तेव्हा पावडरीचा एक ढग निघाला, आणि पोस्ट हाताने बाहेर आला. फ्रेम वाचली. मी ती विकली नाही, विकताना हे सांगावं लागलं असतं.

हे दुखणं जुनं आहे. १९८६ मध्ये अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने तूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली ती लूक कंपनीच्या कार्बन फ्रेमवर. त्या काळच्या फ्रेममध्ये कार्बनच्या नळ्या धातूच्या सांध्यांत चिकटवलेल्या असत, आणि तशा जुन्या फ्रेमचे सांधे आजही याच कारणाने सुटतात. तुमच्यासमोरची सहा वर्षांची आहे, एकसंध असेल. पण पोस्ट आधी बाहेर काढून बघा. आणि कंपनीची फ्रेमवरची हमी बहुधा पहिल्याच मालकापुरती असते, हे किंमत ठरवताना बोला.

प्रश्न : बिननावाची कार्बन फ्रेम ऑनलाइन मिळते, त्यावर ‘टी१०००’ लिहिलंय. मोठ्या कंपन्यांच्या फ्रेमवर टी७००-टी८०० असतं. म्हणजे ही जास्त मजबूत ना?

उत्तर : याला आपल्याकडे सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात, आणि इथे तर सूत खरंच आहे. टी७००, टी८००, टी१००० ही तोरे या जपानी कंपनीच्या तंतूंच्या दर्जांची नावं. फ्रेमची ताकद त्या तंतूचे थर कुठे, कुठल्या दिशेने, किती घातले आणि ते चिकटवणाऱ्या रेझिनमध्ये हवेचे बुडबुडे राहू न देता ते किती नीट दाबले, यावर ठरते. वरून दिसणारी चौकड्यांची वीणसुद्धा बरेचदा केवळ दागिना असते. फ्रेम कुठल्या देशात बनली याला माझा आक्षेप नाही, नामवंत कंपन्याही तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांतूनच करून घेतात. विचारायचं ते एवढंच : आयएसओ ४२१० ची (सायकलीच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकाची) चाचणी झाल्याचा कागद आहे का, आणि दोन वर्षांनी मागच्या डिरेलरचा हँगर (गियर बदलणारा भाग अडकवायची पट्टी) किंवा सीटपोस्टची पाचर मोडली तर सुटा भाग कोण देणार? दुसऱ्या प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं तर तुम्हीही ‘बघू’ म्हणा.

प्रश्न : गेल्या अंकात ‘कार्बनला टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) हवाच’ असं लिहिलंत. तीस वर्षं सायकली उघडतोय, हाताला अंदाज असतो. उगीच लोकांना खर्चात का घालता? – ॲलन की जिंदाबाद

उत्तर : सीटपोस्टच्या बोल्टवर बहुतेक वेळा ५ न्यूटन मीटरच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ, १० सेंटिमीटर लांब ॲलन कीच्या (षटकोनी किल्लीच्या) टोकाशी जेमतेम ५ किलोचं ओझं. एक प्रयोग करा. डोळे मिटून तुमच्या अंदाजाने बोल्ट आवळा, मग कुणाकडून तरी टॉर्क रेंच मागून आणा आणि तोच बोल्ट सोडवायला किती लागतं ते बघा. सोडवतानाचा आकडा आवळण्याइतका काटेकोर नसतो, पण दहाच्या घरात गेलात तर मला पत्र पाठवाच. आणि पोस्ट सरकतो म्हणून आणखी आवळत असाल, तर तिथे ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट लावा. तिच्यात बारीक कण असतात, पकड वाढते, कमी आवळून भागतं. ते कण बेअरिंगला वाईट, तेव्हा पेस्टचा हात धुऊनच पुढच्या कामाला लागा.