इथिओपियन हॉटेलात पहिल्यांदा जाताना

वॉशिंग्टन डीसीजवळच्या सिल्व्हर स्प्रिंगला राहायला आलीस ना, मग इथिओपियन जेवण चुकवू नकोस. पहिल्यांदा सरळ 'बेयायनेतू' मागव. एकाच मोठ्या इंजेरावर, म्हणजे डोशासारख्या मऊ पोळीवर, मसूर, कोबी-गाजर, पालेभाजी, शिरो असं थोडंथोडं येतं. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे बुधवार-शुक्रवार उपासाचे, त्यात दूध-तूपही चालत नाही. म्हणून शाकाहारी माणसाची चंगळ. शिरो तर आपल्या पिठल्याचा सख्खा भाऊ!

इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा, चांगला आंबूस. पहिल्या घासाला नाक मुरडू नकोस. उजव्या हाताने तुकडा तोडायचा, त्यातच भाजी चिमटीत धरायची. तळाचा, रस्सा मुरलेला इंजेरा मात्र अजिबात टाकू नकोस, खरी चव तिथेच असते. कॉफी हवी असेल तर सवडीने जा. काही ठिकाणी बिया समोरच भाजतात.