दोन एम्बेडेड जेट्टी सर्व्हरपैकी एक पडला, तरी लॉगइन केलेल्या लोकांचं सेशन टिकवायचं कसं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलेली मांडणी अशी: जेट्टी ९.४ हा जावाचा वेब सर्व्हर एम्बेड केलेली, म्हणजे ॲपच्याच प्रोसेसमध्ये बसवलेली एकच जार (ॲपची फाइल) दोन मशिनांवर चालते, पुढे विनंत्या वाटून देणारा एनजिनएक्स आहे, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. एक प्रोसेस बंद पडली की एनजिनएक्स दुसरीकडे वळतो, साइट चालू राहते, पण पहिल्या मशिनवरच्या सगळ्यांना पुन्हा लॉगइन करावं लागतं आणि त्यांनी अर्धवट भरलेले फॉर्म जातात. हे थांबवता येतं. मी अशीच मांडणी काही वर्षं सांभाळली आहे, त्यामुळे जिथे ठेच लागते तिथे जरा सविस्तर लिहितो.

यात दोन वेगवेगळी कामं आहेत. विनंती जिवंत सर्व्हरकडे पोचवणं हे एनजिनएक्सचं काम, आणि ते तुमच्याकडे होतंय. त्या जिवंत सर्व्हरला हा माणूस कोण आहे हे माहीत असणं हे दुसरं काम, आणि ते अजून कुणीच करत नाही. जेट्टी मुळात सेशन, म्हणजे लॉगइनची आणि चालू कामाची नोंद, स्वतःच्या मेमरीत ठेवते. प्रोसेस गेली की सेशनही गेलं. ब्राउझरकडे उरलेली जे-सेशन-आयडी कुकी ही नुसती पावती असते. दुसऱ्या सर्व्हरकडे त्या पावतीचा माल नसतो.

माल दोघांकडे ठेवायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना सेशन पाठवत राहणं. टॉमकॅट या दुसऱ्या जावा सर्व्हरचं क्लस्टरिंग असं चालतं: त्याचा डेल्टा मॅनेजर प्रत्येक बदल सगळ्या नोडना (गटातल्या सर्व्हरना) पाठवतो आणि बॅकअप मॅनेजर एकाच राखीव नोडला. पण नोड एकमेकांना शोधतात ते मल्टिकास्टने (एकच संदेश एकदम अनेकांना पाठवून), मूळ सेटिंगमध्ये २२८.०.०.४ या पत्त्यावर आणि ४५५६४ या पोर्टवर. क्लाउडमधल्या बहुतेक नेटवर्कांत मल्टिकास्ट चालत नाही, मग सदस्यांची यादी हाताने द्यावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे सेशन दोघांच्याही बाहेर, सामाईक जागी ठेवणं. जेट्टीचा कल या दुसऱ्या मार्गाकडे आहे. तुमच्याकडे पोस्टग्रेस आधीपासून आहे आणि नोड दोनच आहेत, तेव्हा मी डोळे झाकून जेडीबीसीचा, म्हणजे जावातून सेशन डेटाबेसमध्ये ठेवण्याचा मार्ग घेईन. फक्त सेशनसाठी रेडिस किंवा हेझलकास्टसारखं वेगळं स्टोअर उभं करणं म्हणजे रात्री पडू शकणारी आणखी एक गोष्ट पदरात घेणं.

आता जोडणी. स्वतंत्र जेट्टीत एक मॉड्यूल चालू केलं की हे सगळं आपोआप जुळतं. एम्बेडेडमध्ये ते आपल्या मेन मेथडमध्ये आपल्यालाच जुळवावं लागतं, तेही सर्व्हर सुरू करायच्या आधी. लागणारे क्लास जेट्टीच्या सर्व्हर जारमध्येच आहेत, वेगळं काही आणावं लागत नाही. आधी डीफॉल्ट सेशन आयडी मॅनेजर तयार करून त्याला वर्कर नेम (त्या नोडचं नाव) द्या आणि तो सर्व्हरवर बसवा. मग जेडीबीसी सेशन डेटा स्टोअर फॅक्टरी तयार करा, तिच्या डेटाबेस अ‍ॅडॅप्टरला तुमचा डेटासोर्स द्या आणि ती सर्व्हरला बीन म्हणून जोडा. सेशन कॅशची फॅक्टरीही तशीच जोडा. सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट हँडलर बनवताना सेशनचा पर्याय दिला आहे ना, तेही बघून घ्या. जेट्टी सेशनचा टेबल स्वतःच तयार करते, त्यामुळे पहिल्या वेळी तरी डेटाबेसच्या त्या युजरला टेबल बनवायचा अधिकार हवा.

वर्कर नेम जारमध्ये पक्कं लिहू नका. दोन्ही मशिनांवर तीच जार चालते, आणि काहीच दिलं नाही तर दोघंही स्वतःला ‘नोड०’ म्हणवतात. हे नाव सेशन आयडीत जातं, टेबलात ‘हे सेशन शेवटचं कुणाकडे होतं’ या रकान्यात जातं, आणि मुदत संपलेली सेशनं झाडताना जेट्टी ते वाचते. झाडणी दर ६०० सेकंदांनी होते. दोघांचं नाव एकच असेल, तर एकाची सेशनं दुसरा आपली समजून झाडायला घेतो. म्हणून नाव एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या आणि ते रिकामं असेल तर प्रोसेस सुरूच होऊ देऊ नका. नावात टिंब नको.

टेबलात सेशन शोधताना आयडीबरोबर कॉन्टेक्स्ट पाथ आणि व्हर्च्युअल होस्टही लागतात. एका मशिनवर ॲप मुळावर आणि दुसरीकडे ‘/ॲप’ वर बसवलं असेल, तर ओळ टेबलात असूनही दुसऱ्याला ती सापडणार नाही. मुदत संपण्याची वेळ टेबलात प्रत्यक्ष घड्याळाची वेळ म्हणून लिहिली जाते, तेव्हा दोन्ही मशिनांची घड्याळं एनटीपीने जुळलेली असायला हवीत.

कॅशबद्दल. डीफॉल्ट सेशन कॅश आपली प्रत मेमरीत ठेवते, त्यामुळे ती वेगवान असते, पण त्यासाठी एका माणसाच्या विनंत्या एकाच नोडवर जात राहायला हव्यात. त्या दोन्हीकडे फिरत राहिल्या, तर एका नोडकडची प्रत शिळी होते. नल सेशन कॅश मेमरीत काहीच ठेवत नाही, दर विनंतीला टेबलातून वाचते. तिची अडचण वेगळी: एकाच माणसाच्या दोन विनंत्या एकाच वेळी आल्या, तर दोन वेगळ्या प्रती तयार होतात आणि शेवटी लिहील त्याची टिकते. पानावर एकदम पाच-सहा अ‍ॅजॅक्स कॉल जात असतील आणि ते सेशनमध्ये लिहीत असतील, तर हे नक्की टोचतं. माझी पसंती स्टिकी रूटिंग (एका माणसाला त्याच नोडकडे पाठवत राहणं) आणि डीफॉल्ट कॅश. पण स्टिकी हे वेगासाठी आहे असंच धरून चाला. स्टिकी काढलं की ॲप चुकीचं वागायला लागतं, अशी स्थिती असेल तर फेलओव्हर (पडलेल्याचं काम दुसऱ्याने उचलणं) झालेलाच नाही.

आता ती जागा, जिथे मी स्वतः दोन दिवस घालवले. लॉगइनची पोस्ट विनंती येते, आपण सेशनमध्ये युजर ठेवतो आणि ३०२ ने (दुसऱ्या पानाकडे वळवणाऱ्या उत्तराने) मुख्य पानाकडे पाठवतो. जेट्टी सेशन टेबलात लिहिते ते त्या सेशनची शेवटची चालू विनंती बाहेर पडताना. पण उत्तर तर त्याआधीच ब्राउझरकडे निघालेलं असू शकतं. ब्राउझर लगेच पुढचं पान मागतो, ती विनंती दुसऱ्या नोडवर पडली, तर तिथे टेबलात अजून काही नसतं आणि माणूस पुन्हा लॉगइनच्या पानावर. शंभरातून एखाद्या वेळी घडणारी, लॉगमध्ये कुठेही त्रुटी न दाखवणारी ही गोष्ट आहे. उपाय कॅशच्या सेटिंगमध्ये आहे: ‘फ्लश ऑन रिस्पॉन्स कमिट’ चालू करा, म्हणजे उत्तर बाहेर जाण्याआधी सेशन लिहिलं जातं. ‘सेव्ह ऑन क्रिएट’ही चालू ठेवा. ही पहिली सोय तुमच्या आवृत्तीत दिसली नाही, तर ९.४ मालिकेतली शेवटची आवृत्ती घ्या.

दुसरी जागा आपल्या स्वतःच्या कोडमध्ये असते. आमच्याकडे सेशनमध्ये निवडलेल्या नोंदींची एक यादी होती. कोड असा: सेशनमधून यादी काढायची, तिच्यात एक नोंद घालायची, झालं. बदललेली यादी परत सेशनमध्ये ठेवणारं सेट अ‍ॅट्रिब्यूट कुणीच करत नव्हतं. तरी सगळं नीट चाललं होतं, कारण जेट्टी मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या वापराची वेळ बदलली एवढ्यावरही अख्खं सेशन पुन्हा लिहिते, आणि त्याबरोबर आमची बदललेली यादीही लिहिली जात होती. मग डेटाबेसवरचा भार कमी करावा म्हणून आम्ही सेव्ह पिरियड ६० सेकंद केला. याचा अर्थ असा, की फक्त वापराची वेळ बदलली असेल तर तेवढ्या काळात लिहू नकोस. जेट्टीच्या दृष्टीने यादी ही तीच जुनी वस्तू, म्हणजे बदल काहीच नाही. पुढच्या वेळी नोड पडला तेव्हा सगळे लॉगइन राहिले, आणि शेवटच्या मिनिटात निवडलेल्या नोंदी मात्र गेल्या. लोकांना ते लगेच कळलंही नाही. लॉगआउट झालेला माणूस निदान सावध होतो; अपुरी यादी पाहणारा तीच खरी समजून पुढचं बटण दाबतो. म्हणून नियम एकच: सेशनमधली वस्तू बदलली की त्याच ओळीखाली पुन्हा सेट अ‍ॅट्रिब्यूट. टॉमकॅटच्या डेल्टा मॅनेजरलाही हाच नियम लागतो.

सेशनमध्ये काय ठेवता तेही पाहा. प्रत्येक वस्तू आणि तिच्या आतली प्रत्येक वस्तू सिरियलायझेबल, म्हणजे बाइटमध्ये बदलून साठवता येणारी हवी. डेटाबेस कनेक्शन, थ्रेड, उघडी फाइल, एखादी सर्व्हिस यातलं काहीही तिथे नको. मी तर युजरचा आयडी, भाषा, सीएसआरएफ टोकन (बनावट विनंत्या रोखणारं) आणि चालू फॉर्मचा आयडी एवढंच ठेवतो. फॉर्मचा मजकूर स्वतंत्र टेबलात. युजरची अख्खी वस्तू त्याच्या भूमिकांसकट आणि त्या भूमिकांच्या परवानग्यांसकट सेशनमध्ये ठेवली, की दर विनंतीला तो सगळा गठ्ठा डेटाबेसमध्ये जातो.

यातूनच नवी आवृत्ती चढवतानाची अडचण येते. तुम्ही एक नोड नव्या जारवर नेता, दुसरा अजून जुन्यावर आहे, आणि दोघं एकच टेबल वाचताहेत. सेशनमधल्या क्लासला एक फील्ड वाढवलं आणि सिरियल व्हर्जन यूआयडी स्वतः लिहिलेला नसेल, तर जावा तो क्लासच्या रचनेवरून काढते, दोन्हीकडे तो वेगळा निघतो आणि सेशन वाचताना इनव्हॅलिड क्लास एक्सेप्शन येतो. यूआयडी हाताने लिहून कायम ठेवा. सेशनमध्ये फक्त स्ट्रिंग आणि लाँग ठेवले तर हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि छोट्या सेशनचा आग्रह धरण्याचं माझं मुख्य कारण हेच आहे.

एनजिनएक्सकडे वळू. आयपी हॅश वापरू नका. आयपीव्ही४ मध्ये तो पत्त्याचे पहिले तीनच भाग बघतो, त्यामुळे एका ऑफिसातले सगळे एकाच नोडवर जातात. जेट्टी कुकीच्या शेवटी टिंब देऊन वर्कर नेम लावते. एनजिनएक्समध्ये मॅप लिहून त्या शेपटीवरून नोड निवडा, मात्र निवडलेल्या अपस्ट्रीममध्ये (सर्व्हरांच्या गटात) दुसरा नोड बॅकअप म्हणून असू द्या. अपाचे एचटीटीपीडीचा बॅलन्सर ही शेपटी स्वतःच ओळखतो.

त्याहून महत्त्वाचा आहे वेळ. प्रोसेस मेली पण मशिन जिवंत असेल, तर कनेक्शन तत्क्षणी नाकारलं जातं आणि एनजिनएक्स लगेच दुसरीकडे जातो. पण मशिनच गेलं किंवा केबल निघाली, तर समोरून नकारसुद्धा येत नाही. प्रॉक्सी कनेक्ट टाइमआउट मुळात ६० सेकंद असतो, म्हणजे माणूस एक मिनिटभर कोऱ्या पानाकडे बघत बसतो. एकाच नेटवर्कमध्ये तो २ सेकंदांवर आणायला काहीच हरकत नाही. शिवाय फेल टाइमआउट मुळात १० सेकंद आहे, म्हणजे मेलेल्या नोडवर दर १० सेकंदांनी पुन्हा कुणाची तरी विनंती आजमावली जाते. आवृत्ती १.९.१३ पासून एनजिनएक्स एकदा सर्व्हरकडे पाठवलेली पोस्ट विनंती आपणहून दुसऱ्या नोडकडे पाठवत नाही. ते तसंच राहू द्या. पैसे भरण्याची विनंती अर्ध्यात तुटली, तर ती आधीच्या नोडवर पूर्ण झाली होती की नाही हे एनजिनएक्सला कळायला मार्ग नाही. अशा फॉर्ममध्ये एकदाच वापरायचं टोकन ठेवा आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन घाला, म्हणजे माणसाने पुन्हा बटण दाबलं तरी नोंद एकच होईल. वेबसॉकेट (ब्राउझरशी सतत उघडं राहणारं कनेक्शन) मात्र नोडबरोबर तुटणारच. ते पुन्हा जोडायचं काम ब्राउझरमधल्या कोडचं.

आणि हे सगळं तपासताना सर्व्हर नीट स्टॉप करून तपासू नका. नीट बंद होताना जेट्टीला आवराआवर करायला सवड मिळते, खऱ्या अपघातात ती मिळत नाही. मी असं करतो: ब्राउझरमध्ये लॉगइन करायचं, फॉर्मची दोन पानं भरायची, कुकीच्या शेपटीवरून आपण कुठल्या नोडवर आहोत ते पाहायचं, आणि त्या प्रोसेसला किल -९ (आवरायला सवड न देता मारणारा आदेश) द्यायचा. मग तिसरं पान भरायचं. मजकूर जागेवर हवा, लॉगइन टिकलेलं हवं. त्यानंतर तो नोड परत उठवून दुसरा मारायचा, कारण परतीचा प्रवासही चालायला हवा. मग प्रोसेस न मारता फायरवॉलने त्या मशिनकडे जाणारे पॅकेट गुपचूप टाकून द्यायचे आणि पान किती सेकंदांत येतं ते मोजायचं. शेवटी एका नोडवर जुनी जार, दुसऱ्यावर नवी, आणि तोच खेळ पुन्हा. आमच्याकडे हे चारही प्रयोग दर रिलीजआधी स्क्रिप्टने होतात. वर सांगितलेल्या यादीच्या चुकीनंतर त्यात एक तपासणी वाढवली: नोंद निवडल्यावर एका सेकंदाच्या आत नोड मारायचा आणि ती नोंद दुसऱ्या नोडवर दिसते का ते बघायचं.

पुढे जेट्टी १२ वर गेलात तर पॅकेजची नावं बदललेली दिसतील, पण आयडी मॅनेजर, कॅश आणि डेटा स्टोअर हे तिघं तेच आहेत. जोडणी करून पहिल्यांदा किल -९ दिल्यावर काही अडलं, तर दोन्ही नोडचे लॉग आणि टेबलातली त्या सेशनची ओळ इथे टाका. शेवटचा नोड आणि मुदतीची वेळ हे दोन रकाने पाहिले, की गडबड कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं.