वाचकांचे प्रश्न : ओढ्याकाठचा वाळुंज

प्रश्न : मावळ तालुक्यात आमच्या शेताला लागून बारमाही ओढा वाहतो. त्याच्या काठावर वाळुंजाची दोन जुनी झाडे आहेत. हिवाळ्यात त्यांपैकी एकाच झाडाखाली कापसासारखे तंतू पडतात. त्यांतले बी जमवून आम्ही दोनदा जूनमध्ये पेरले, पण एकही रोप उगवले नाही. काठावरही नवे रोप दिसत नाही. झाडात काही दोष असेल का?

उत्तर : आपल्या झाडांत काहीही दोष नाही. वाळुंजात नर आणि मादी ही झाडे वेगवेगळी असतात. पावसाळा सरल्यावर, कोवळ्या पालवीबरोबरच, दोन्हींवर मऊ लांबट तुरे येतात. नराचे तुरे पिवळे व मंद सुगंधाचे असतात आणि त्यांवर मधमाश्यांची गर्दी होते, तर मादीचे तुरे हिरवट असतात. बोंडे तडकून रेशमी तंतूंसह बी उडते ते फक्त मादीपासून. तेव्हा ज्या झाडाखाली कापूस पडतो ती मादी, आणि बहुधा दुसरे झाड नर असावे. फुलोऱ्याच्या दिवसांत तुऱ्यांचा रंग पाहिल्यास खात्री होईल.

बी न उगवण्याचे कारण ते साठवण्यात आहे. वाळुंजाचे बी अत्यंत बारीक असते आणि त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो, त्यामुळे त्याची उगवणशक्ती काही दिवसांतच संपते. आंब्याच्या कोयीला किंवा करंजाच्या बीला जी सवड मिळते, ती या बीला मिळत नाही. ते उडते तेव्हा ओढ्याचे पाणी ओसरलेले असते आणि काठाला नुकताच उघडा पडलेला ओला गाळ असतो. त्या गाळावर, उन्हात, गवताची स्पर्धा नसलेल्या जागी पडलेले बीच रुजते, आणि पुढचे काही आठवडे तो गाळ सुकला नाही तरच रोप तगते. म्हणून बी पेरायचेच असेल, तर बोंडे तडकू लागताच त्याच दिवशी ओल्या गाळाच्या पसरट कुंडीत वरवर पसरावे आणि मातीने झाकू नये.

काठावर रोपे न दिसण्याचे कारण मला अधिक चिंतेचे वाटते. ओढ्याचे खोलीकरण करून काठ उभे कापले, किंवा दगडी पिचिंग (काठाच्या उतारावर दगडांचे अस्तर) केले, की पाण्याबरोबर मागेपुढे सरकणारी गाळाची उतरती पट्टी नाहीशी होते, आणि हे झाड त्या पट्टीतच जन्मते. जुनी झाडे उभी राहतात, पण त्यांच्यामागे पिढी येत नाही. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी आजही वाळुंज आढळतो. तिथेही ही पट्टी राखणे झाडे राखण्याइतकेच निकडीचे आहे. आपल्या काठावर असे काम झाले नसेल, तर कोवळी रोपे गुरे खातात का, हे पाहावे.

पुरात बुंधा आठवड्याभर पाण्यात राहिला तरी हे झाड कुजत नाही. मुळांच्या ऊतींतील पोकळ्यांमधून हवा खाली पोचते आणि बुडालेल्या खोडावर तंतुमुळांचे नवे झुपके फुटतात. याच गुणामुळे वाळुंज फांदीपासून सहज वाढतो. पालवी फुटण्याआधी अंगठ्याइतक्या जाडीच्या, हातभर लांबीच्या फांद्या घेऊन त्यांचा दोन-तृतीयांश भाग ओल्या गाळात रोवावा. वरचे टोक वरच राहील याची काळजी घ्यावी. फांद्या दोन्ही झाडांच्या घ्याव्यात, कारण एकाच झाडाच्या फांद्यांपासून झालेली सगळी झाडे एकाच लिंगाची होतात. पहिला उन्हाळा पाण्यात खंड पडू देऊ नये आणि गुरांपासून काटेरी कुंपण करावे.

प्रश्न : याच फांद्या विहिरीच्या कडेला लावल्या तर चालतील का?

उत्तर : नाही. वाळुंजाची मुळे पाण्याच्या शोधात दूरवर जातात आणि बांधकामाच्या सांध्यांत शिरतात. त्याला ओढ्याचा मोकळा काठच द्यावा.