लोकलच्या वेळापत्रकाचं अ‍ॅप गिटहबवर (कोड सगळ्यांसाठी ठेवायची साइट) टाकतोय, लायसन्स कुठलं लावू?

"कोणीही वापरा, फक्त माझं नाव राहू द्या" एवढीच अपेक्षा असेल तर एमआयटी लायसन्स लावा. मात्र उद्या कोणी तेच अ‍ॅप उचलून, कोड बंद ठेवून प्ले स्टोअरवर टाकलं तर तक्रार करता येणार नाही. ते खटकणार असेल तर जीपीएल ३ लावा. अ‍ॅप वाटणाऱ्याला बदललेला कोडही द्यावा लागतो. जाहिराती लावून पैसे कमवायला जीपीएलचीही आडकाठी नाही, हे बरेच जण विसरतात. विरार फास्टच्या वेळा तुमच्या सर्व्हरवरून येत असतील तर त्या कोडला एजीपीएल (जीपीएलचंच सर्व्हरवरच्या कोडसाठीचं रूप) बरं. नुसतं सर्व्हरवर चालवणं जीपीएलच्या हिशेबी वाटप ठरत नाही, म्हणून तिथे कोड द्यायची सक्ती लागू होत नाही.

निवडण्याआधी वापरलेल्या लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोड) तपासा. एखादी जीपीएलवाली निघाली की अख्खं अ‍ॅप जीपीएलखालीच वाटावं लागतं, मग एमआयटीचा विषयच संपला. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा असेल तर त्याचं श्रेय स्क्रीनवर वेगळं द्या.

काहीच न लावणं म्हणजे मोकळीक नव्हे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क तुमच्याकडेच राहतात आणि शहाणा माणूस त्या कोडला हात लावत नाही.

गिटहबवर नवी फाइल उघडून नावात इंग्रजी कॅपिटलमध्ये 'लायसन्स' लिहा (शेवटी एस-ई), टेम्प्लेटचं बटण येतं. एमआयटीत वर्ष आणि नाव भरा. नोकरीत असाल तर आधी करारातलं कोडच्या मालकीचं कलम वाचा. आणि हे सगळं पहिला बाहेरचा पॅच (दुसऱ्या कोणी पाठवलेला कोडमधला बदल) घेण्याआधी उरका. नंतर लायसन्स बदलायचं तर पॅच देणाऱ्या प्रत्येकाची परवानगी मागत फिरावं लागतं.