वस्तऱ्याने केराटिनचं जीन जागं होत नाही

सासूबाई म्हणतात बाळाचं जावळ काढलं की केस दाट येतात, पार्लरवाली म्हणते केराटिन करून घ्या, केस मुळापासून सुधारतील, आणि तुम्ही विचारताय की यातल्या कशाने केराटिनची, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याची, जीन्स जास्त काम करायला लागतात.

कशानेच नाही हो ताई. पण का नाही ते सांगते, मजा आहे त्यात.

डोक्यावर दिसतो तो केस मेलेला असतो, त्यात जिवंत पेशीच नाहीत तर जीन कुठून चालणार. सगळं काम चालतं कातडीखाली, केसाच्या कांद्यासारख्या गड्ड्यात. आणि केराटिन म्हणजे काही एकच पदार्थ नाही. माणसात केराटिनची ५४ जीन्स आहेत, त्यातली १७ मुख्यतः केस आणि नखांसाठी. त्यांचे दोन गट, एक १७व्या क्रोमोसोमवर, दुसरा १२व्यावर, आणि दोन्हीकडचा एकेक पदर आल्याशिवाय धागा वळला जात नाही, सुंभासारखंच.

आता क्रम बघा. गड्ड्यातल्या पेशी वर सरकायला लागल्या की आधी के३५ आणि के८५ (के म्हणजे केराटिन, पुढे त्याचा नंबर) चालू होतात, अजून थोडं वर गेलं की गाभ्याभोवतीच्या जाड थरात के३१, के८६ वगैरे, बाहेरच्या खवल्यांत के३२ आणि के८२, आणि केसाला धरून ठेवणाऱ्या आतल्या आवरणात के७१ ची मंडळी. एमएस्सीला असताना मी उंदराच्या कातडीच्या स्लाइड रंगवायचे, ठराविक केराटिनलाच चिकटणारी एक अँटिबॉडी टाकली की केसाच्या ठराविक उंचीवरच रंग उजळायचा, त्याखाली अंधार. तास तास बघत बसायचे, सर ओरडायचे.

हे चालू-बंद करणारी वेगळी जीन्स असतात, फॉक्सएन१, हॉक्ससी१३ अशी. लॅबमधला तो नागडा उंदीर माहितीये ना? त्याच्या कातडीत केसांची मुळं असतात बरं का, पण फॉक्सएन१ बिघडल्यामुळे केसात पुरेसं केराटिनच येत नाही, मग केस बाहेर पडता पडता वाकून तुटतो. माणसात के८१, के८३ किंवा के८६ मध्ये बिघाड झाला तर मोनिलेथ्रिक्स होतो, केस मण्यांच्या माळेसारखा जाड-बारीक येतो आणि मोडतो. कुत्र्यांचे कुरळे केससुद्धा बरेचदा के७१ मधल्या बदलामुळे.

जावळाचं म्हणाल तर, बाळाचे जन्माचे केस पहिल्या काही महिन्यांत तसेही गळून नवे येतात, नेमकं त्याच सुमारास आपण वस्तरा फिरवतो आणि श्रेय वस्तऱ्याला. शिवाय कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून हाताला जाड लागतो. खरा बदल करतात हार्मोन्स. वयात येताना काखेत जे केस येतात त्यांच्या मधल्या गाभ्यात के३७ असतं, आणि त्याचं जीन अँड्रोजेन हे हार्मोन थेट चालू करतं.

पार्लरचं केराटिन वरून बसतं, केस गुळगुळीत दिसतो, धुता धुता जातं, मुळापर्यंत काही पोचत नाही. करायचंच असेल तर फॉर्मल्डिहाइड आहे का ते आधी विचारा, काही प्रॉडक्ट्समध्ये गरम केल्यावर सुटतं, आणि लहान बाळ घरात आहे तुमच्या.

जावळ मात्र हौसेने काढा, फक्त पातं नवं असू द्या आणि टाळूवरून हात हलका.